पंचवीस तारीख कुणाची?

"नाताळ सासरी, नवीन वर्ष माहेरी." आमच्या घरात हा नियम कुणी घातला, ते कुणालाच सांगता येणार नाही. आजीच्या वेळी तो होता, आईच्या वेळी होता, आणि मे २००७मध्ये माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोला न विचारता तिलाही लागू झाला. आम्ही साताऱ्याचे मराठी ख्रिस्ती. तिचं माहेर मिरजेचं, तेही ख्रिस्ती. म्हणजे दोन्ही घरांत सण एकच, तारीख एकच, चर्चमधल्या उपासनेची वेळसुद्धा जवळपास एकच. २००७ ते २०१७ असे सलग अकरा नाताळ तिने साताऱ्यात केले. मिरजेला ती बहुतेक पोचायची सव्वीसला, नाहीतर थेट एकतीसला.

त्या अकरा वर्षांत मला यात काही चुकतंय असं वाटलं नाही, ही गोष्ट मला आज सर्वांत जास्त लागते. भांडण झालं असतं तर कदाचित आधी लक्षात आलं असतं. पण ती बोलली नाही, आणि मी तिचं न बोलणं म्हणजे तिची संमती असं धरून चाललो.

माझ्या एका मित्राची बायको हिंदू आहे. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. पण सणांच्या बाबतीत त्यांचं आमच्यापेक्षा कितीतरी सुरळीत चालतं. दिवाळी तिच्या आईकडे, नाताळ त्याच्या आईकडे. तारखा एकमेकींवर येतच नाहीत. कोणाचा सण कोणासाठी सोडायचा, हा प्रश्न एकाच धर्मात, एकाच भाषेत, 'आपल्यातच' लग्न केलेल्यांच्या वाट्याला येतो. मुलगी आपल्यातच दिली, आता काळजी नाही, असं वडीलधारी मंडळी म्हणतात. त्याच मुलीला पुढे जन्मभर पंचवीस डिसेंबरला आईबापांच्या बाकावर बसायला मिळत नाही, हे त्यांच्या हिशेबात येतच नाही.

याचं मूळ मला आपल्या शेजारात दिसतं. मराठी हिंदू घरांत सासर कडक होतं, आजही अनेक ठिकाणी आहे. पण त्याच पंचांगाने लेकीला माहेरचे दिवसही नेमून दिले होते. आखाडात नवी सून माहेरी जायची. नागपंचमीला भाऊ न्यायला यायचा. पहिला दिवाळसण माहेरी व्हायचा, आणि दर वर्षीची भाऊबीज तर होतीच. गौर स्वतःच माहेरवाशीण म्हणून येते, तीन दिवस राहते, भाजीभाकरी खाते आणि मग जाते. देवीलासुद्धा माहेरपण आहे! ही वाटणी समान होती असं मी म्हणणार नाही. पण लेकीला बापाच्या घरी पाठवायचं की नाही हे सासूच्या मर्जीवर राहू नये, एवढी सोय तिच्यात होती. सण आला की पाठवावंच लागायचं. न पाठवणाऱ्या घराला गाव नावं ठेवायचं.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी धर्म बदलला तेव्हा यातलं बरंच काही त्यांनी सोबत आणलं. आमच्या नाताळाच्या फराळात करंज्या असतात, चकल्या, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू असतात. दारात रांगोळी असते, वर चांदणी लटकते. पेटी, ढोलकी आणि झांजा घेऊन आम्ही घरोघर गात जातो. नारायण वामन टिळकांनी तर अभंग आणि कीर्तन उपासनेत आणलं, आपल्या मातीतला ख्रिस्त आपल्या चालीत गायला शिकवलं. आयुष्याच्या अखेरच्या काळात, १९१७मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला तो आमच्या साताऱ्यातच. त्या वारशाचा मला अभिमान आहे. पण या सगळ्यात आम्ही सासर जसंच्या तसं आणलं आणि माहेरपणाचे दिवस मात्र मागे ठेवले. आम्हाला ना नागपंचमी, ना भाऊबीज. वर्षाचा मोठा सण एकच, आणि तो सासरचा. लेकीच्या नावाचा एकही दिवस आमच्या कॅलेंडरात उरला नाही.

हिंदू वाचकांनी इथे सुटकेचा श्वास सोडू नये. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी जोडपी दिवाळीला 'गावाला' जातात, तेव्हा ते गाव कुणाचं असतं? दहांपैकी किती घरांत ते बायकोचं असतं? सुट्टी चार दिवसांची, त्यातले तीन नवऱ्याच्या गावी, आणि भाऊबीज म्हणजे परतीच्या वाटेवर गाडी उभी करून उरकलेलं ओवाळणं. पंचांगाने दिलेले दिवस नोकरीच्या रजेने खाल्ले, आणि रजा कमी पडली की आधी कापलं जातं ते माहेरच.

आमच्या घरात हे बदललं ते एका वाक्याने. २०१७चा डिसेंबर, तेवीस तारीख. आई आणि माझी बायको स्वयंपाकघरात खाली बसून करंज्या करत होत्या. आई सारण भरत होती, बायको कातण फिरवत होती. मी दारात उभा राहून चांदणीची वायर सोडवत होतो. सोलापूरहून ताईचा फोन आला. थोरली बहीण माझी, तिचं सासर तिकडे. दर वर्षीप्रमाणे याही वर्षी यायला जमणार नाही, एकतीसला बघते, म्हणाली. आईने फोन खाली ठेवला, पदराने डोळे टिपले आणि समोर बघून म्हणाली, "पोरीचा पाय घराला लागल्याशिवाय सण वाटत नाही गं."

बायकोच्या हातातलं कातण थांबलं. मग तिने ती करंजी पूर्ण कापली, कडेची पट्टी गोळ्यात मिसळली आणि म्हणाली, "हो ना, आई. माझी मम्मी पण दर वर्षी असंच म्हणते."

तिच्या आवाजात राग नव्हता. आई तिच्याकडे बघत राहिली. माझी आई दुष्ट बाई नाही, सुनेला तिने कधी टोचून बोललेलं मला आठवत नाही. पण आपल्यासमोर बसून दहा वर्षं करंज्या कापणारी बाई हीसुद्धा कुणाची तरी न आलेली लेक आहे, हे तिला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. मलाही नव्हतं. सोलापूरच्या घराने ताईला ठेवून घेतलं म्हणून आम्ही हळहळत होतो, आणि आम्ही मिरजेच्या घराचं तेच करत होतो. ही साखळी अशीच चालते. प्रत्येक घर आपल्या लेकीसाठी रडतं आणि दुसऱ्याची लेक धरून ठेवतं.

२०१८ला आम्ही पहिल्यांदा पूर्ण नाताळासाठी मिरजेला गेलो. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचो, सकाळच्या उपासनेला अर्धा तास आधी निघाले. बाकापाशी आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बायको बसणार होती ती जागा पुसली. बाक स्वच्छच होता. उपासना संपल्यावर ते तिला हाताला धरून पाळकसाहेबांकडे घेऊन गेले, "ही माझी थोरली." पाळकसाहेब सहा वर्षं त्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चमध्ये, होते, आणि तिला पहिल्यांदाच बघत होते.

मग २०२०. कोरोनाचं वर्ष. महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरानंतर संचारबंदी लागली होती, त्यामुळे मध्यरात्रीची उपासना झालीच नाही. मामांनी घरातच पेटी काढली, सगळी गाणी म्हटली, आवाज लागत नव्हता तरी म्हटली. पुढच्या वर्षी ते गेले. लग्नानंतर चौदा वर्षांत बायकोला वडिलांसोबत दोन पूर्ण नाताळ मिळाले. ती हा आकडा कधी बोलून दाखवत नाही. मीच मोजतो.

हे मी लोकांना सांगतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, एवढं पंचवीसचंच काय घेऊन बसलात? सव्वीसला गेलं तर काय बिघडतं? आमच्या परंपरेत नाताळाचा काळ सहा जानेवारीपर्यंत चालतो, हे खरंच आहे. पण ज्यांना तारखेचं महत्त्व वाटत नाही त्यांनी मग सव्वीस स्वतःच्या मुलाला द्यावी आणि पंचवीस सुनेच्या आईला. तेव्हा मात्र सगळ्यांना कळतं की पंचवीस ही पंचवीसच असते. सकाळची उपासना, नवे कपडे, दारात येणारी शेजारची मुलं, ताटं भरून शेजाऱ्यांकडे जाणारा फराळ. सव्वीसला डब्यात उरलेल्या चकल्या असतात आणि पाहुणे निघून गेलेले असतात.

दुसरं सुचवतात ते अर्धा-अर्धा दिवस. तेही आम्ही करून पाहिलंय, लग्नाच्या चौथ्या वर्षी. साताऱ्यात सकाळची उपासना आटोपून, जेवून, कराड-आष्टा रस्त्याने निघालो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण डिसेंबर म्हणजे ऊन नरम आणि गळीत हंगाम भरात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर, त्यांच्या मागे गाड्यांची रांग. पोरगं मांडीवर झोपलेलं, बायको दर दहा मिनिटांनी फोनवर "आलोच, आष्टा आलं" सांगतेय. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मामा-मामी जेवायचे थांबले होते, दुपारचंच जेवण. अर्धा दिवस म्हणतात तो प्रत्यक्षात एका घराला पूर्ण मिळतो आणि दुसऱ्या घराला वाट बघायला मिळते.

तिसरा आक्षेप धर्माचा, आणि आमच्यात तो सर्वांत ठामपणे घेतला जातो. बायबलमधल्या रूथचं उदाहरण देतात. नवरा मेल्यावरही सासूला न सोडणारी, तुझे लोक ते माझे लोक म्हणणारी सून. आमच्या लग्नांत, वाढदिवसांत, बायकांच्या मेळाव्यांत रूथ हमखास येते. पण ती गोष्ट सुरुवातीपासून वाचावी. मवाबातून निघताना नामी आपल्या दोन्ही सुनांना सांगते, आपापल्या आईच्या घरी परत जा. दोघींना आशीर्वाद देऊन सांगते. अर्पा गेली, तिला कुणी दोष दिला नाही. रूथ राहिली ती स्वतःच्या मनाने. ज्या सासूने माहेरचा रस्ता मोकळा करून दिला, तिच्याच मागे सून आपणहून गेली. आम्ही रूथ मागतो आणि नामी व्हायला तयार नसतो.

आणि आमच्या प्रत्येक लग्नात बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन वाचलं जातं. त्यात आईबापांना सोडतो तो पुरुष. बाईने आईबाप सोडावेत असं तिथे लिहिलेलंच नाही. वेदीसमोर हे ऐकायचं, आमेन म्हणायचं, आणि संध्याकाळी नवरीला रडत गाडीत बसवायचं, हे आमचं चालूच आहे. खुद्द नाताळाची गोष्ट घ्या. बेथलेहेम हे योसेफाच्या पूर्वजांचं गाव. नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीत नाव नोंदवायला, तो मरीयेला तिथे घेऊन गेला, म्हणजे पहिला नाताळ सासरच्याच गावी झाला. आणि त्या गावात त्यांना उतारशाळेतसुद्धा जागा मिळाली नाही. त्याच्या काही महिने आधी मरीया कुठे होती? आपल्या नातलग अलीशिबेकडे, जवळजवळ तीन महिने, डोंगराळ मुलखातल्या तिच्या घरी. दिवस गेलेल्या पोरीला आपल्या माणसांत जावंसं वाटतं, हे लूकने लिहून ठेवलंय. त्याला माहेरपण म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

म्हाताऱ्या आईबापांचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. मुलगा नाताळाला नाही म्हटल्यावर घर रिकामं वाटतं, शेजारी विचारतात, उत्तर देताना त्यांचा चेहरा पडतो. माझ्या वडिलांचा पडला होता. पण हेच म्हातारपण मुलीच्या आईबापांनाही येतं. माझ्या सासूबाईंना दोनच मुली, मुलगा नाही. अकरा वर्षं त्या घरात जवळजवळ दर नाताळाला दोघंच जेवायला बसत होती. धाकटीही तिच्या सासरी. कायद्याने ही गोष्ट कधीच मान्य केली आहे. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांना पोसायची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये महाराष्ट्रातल्याच एका बापलेकीच्या प्रकरणात सांगितलं. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. वारसाचं बघायचं तर आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलाला आणि मुलीला सारखा वाटा आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत तो हक्क महाराष्ट्राने १९९४ला दिला, देशाने २००५ला. जमिनीत, घरात, जबाबदारीत लेक सारखी. वर्षातल्या एका सकाळीच ती कमी का पडते?

मग करायचं काय? आम्ही आलटून-पालटून करतो. सम वर्षी मिरज, विषम वर्षी सातारा. ही कल्पना माझी नाही, मामींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची आहे. त्या मिरजेत नर्स होत्या, आयुष्यभर वॉर्डात काढलं. हॉस्पिटलला नाताळाची सुट्टी नसते. चोवीसची नाइट कुणी करायची यावर दर वर्षी डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून त्यांच्या वॉर्डात ठरून गेलं होतं. या वर्षी चोवीसची नाइट ज्यांना, त्यांना एकतीसची सुट्टी, पुढच्या वर्षी उलट. कुणाचं सासर, कुणाची पोरं लहान, हे विचारायचंच नाही. ड्युटी लिस्ट लागली की लागली. "घरात पण लिस्ट लावा की," मामी म्हणाल्या, "तोंडाकडे बघून काम केलं की जी गप्प बसते तिच्यावरच नाइट पडते."

या वाटणीची एक किंमत आहे. ती लपवून कुणाला पटवायचं नाही. सम वर्षी मी मिरजेत असतो तेव्हा ताई सोलापूरहून साताऱ्याला येते, आईबाबांचं घर भरतं. पण आम्ही भाऊ-बहीण पंचवीसला एकत्र नसतो. विषम वर्षी मी साताऱ्यात, ती सोलापुरात. लहानपणी एका ताटात करंज्या खाल्लेल्या दोन भावंडांना आता नाताळाच्या सकाळी एकमेकांचा फक्त आवाज ऐकू येतो. ते एकतीसवर ढकलावं लागतं. मला याचं वाईट वाटतं. पण आधी हेच नुकसान एकट्या ताईने आणि एकट्या माझ्या बायकोने सोसलं होतं. आता ते सगळ्यांत वाटलं गेलंय.

फक्त घर बदलून मात्र भागत नाही. पहिल्या वर्षी मिरजेत मला व्हरांड्यात खुर्ची दिली. "जावईबापू, बसा निवांत." चहा आला, फराळाचं ताट आलं, पुन्हा चहा आला. आत माझी बायको आणि मामी घामाघूम. म्हणजे अकरा वर्षांनी ती माहेरी आली, आणि माझ्या सरबराईसाठी चुलीपुढे उभी राहिली. हे कसलं माहेरपण? २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं निघालं. त्यातही मुळात घरकाम करणारे पुरुष चारात एक. सणाला हा फरक कमी होत असेल असं आपल्या कुठल्याही घरात बघून वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन मटणाचा मसाला वाटायला घेतला. मामी हातातून वरवंटा ओढून घ्यायला लागल्या, त्यांना खरोखर लाज वाटत होती. जावयाने काम केलं तर लोक काय म्हणतील? मी त्यांना म्हटलं, "तुमच्या लेकीने आमच्याकडे पहिल्या दिवसापासून केलं, तेव्हा तिला कुणी खुर्ची दिली नव्हती."

मला असं वाटतं की जावयाचा हा मान त्याला त्या घरात परका ठेवतो. मानाच्या खुर्चीत बसून मी अकरा वर्षांत मामांशी हवापाण्याखेरीज काही बोललो नव्हतो. त्यांच्याबरोबर कांदे सोलताना मला कळलं की ते तरुणपणी सतार बनवणाऱ्यांकडे भोपळे पोचवायचं काम करायचे, पहाटे सायकलवरून. सुनेला पाहुणी होऊ द्यायचं नाही आणि जावयाला घरचा होऊ द्यायचं नाही, अशी ही रीत आहे. तिच्यात दोघांचंही नुकसान आहे, फक्त सुनेचं पाठीत दुखतं आणि जावयाचं कळत नाही.

माझी एक मागणी आमच्या मंडळ्यांकडे आहे. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार वधूवरांची नावं वाचली जातात, पाळकसाहेब दोघांना समोर बसवून चार गोष्टी सांगतात. तेव्हाच त्यांनी विचारावं, पहिला नाताळ कुठे, दुसरा कुठे? दोन्ही घरच्यांसमोर विचारावं आणि उत्तर घ्यावं. हुंडा घेतला का हे विचारण्याइतकंच ते गरजेचं आहे. नंतर डिसेंबरच्या वीस तारखेला हा विषय निघतो, तेव्हा निर्णय झालेला असतो आणि बोलणारी वाईट ठरते. शिवाय आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं, ऑक्टोबर संपायच्या आत ठरलेलं नसेल तर कोयना एक्सप्रेसमध्ये बसायला जागा मिळत नाही. ठरवायचंच आहे, तर लग्नाआधी का नको?

ताईच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, मंडळीतलाच. परवा घरी आला होता, तेव्हा त्याला बाजूला घेऊन मी हेच विचारलं. तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "मामा, आईला विचारून सांगतो."

"विचार," मी म्हटलं. "आणि ताईलाही विचार. ती सोलापुरात एकवीस नाताळ बसून होती."